शेकरू जायाचं कुठनं?

(हा भाग मे महिन्याच्या शेवटी मुळशी तालुक्यात, ताम्हिणी घाटाच्या अलीकडे रेकॉर्ड केला. बऱ्याच जणांनी मागितल्यामुळे त्याचं शब्दांकन देत आहोत. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



बोलायला सुरुवात करण्याआधी मागचा आवाज ऐका जरा. हेडफोन असतील तर उत्तमच. कुणीतरी खो खो हसतंय, हसता हसता दमतंय आणि परत सुरू होतंय, असं वाटतं ना? हा मलबारी राखी धनेश. आम्ही तिघं जण पंधरा मिनिटं माना वर करून उभे आहोत, आणि अजून एकालाही तो दिसलेला नाही. आवाज डोक्यावर, पक्षी पानांच्या वर, आणि आम्ही खाली चप्पल घालून चिखलात.

आजचा विषय हाच आहे. आपण रानात जातो म्हणजे रानाच्या तळमजल्यावर जातो. पायवाट, दगड, ओढा, बुंधे. फोटो काढतो तेही बुंध्याला टेकून. पण रानातला खरा धंदा चालतो वर, जिथे झाडांचे शेंडे एकमेकांत शिरतात तिथे. इंग्रजीत त्याला कॅनोपी म्हणतात. मराठीत पुस्तकी शब्द आहे पर्णछत्र. मी आज सरळ 'वरचा मजला' म्हणणार आहे.

आता एक कबुली. हा विषय मी पुस्तक वाचून निवडलेला नाही. चूक करून शिकलोय.

बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्या घरच्यांनी मुळशीत वीस गुंठे जागा घेतली. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हे झालं असेल. विकेंडला पुण्याहून दीड तासात पोचायचं, छोटं घर, झोपाळा, पावसाळ्यात धबधबा. जागा उताराची, वरच्या बाजूला रान, खालच्या बाजूलाही रान. गाडी आत यायला रस्ता हवा होता. रस्त्यात तीन झाडं येत होती. दोन जांभळं आणि एक जुना बेहडा, खोडाला मोठी पोकळी असलेला. बेहडा तर 'आतून सडलाय, आज ना उद्या पडेलच' म्हणून सगळ्यात आधी गेला. रीतसर परवानगी काढली होती. अर्ज मीच भरला होता. झाडाची जात लिहिली, संख्या लिहिली. तीनच्या बदल्यात तीस रोपं लावली. तीसच्या तीस जगली, आणि त्याचा मला फार अभिमान होता.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी वरच्या रानातून शेकरू आलं. आपला राज्यप्राणी. पाठ तांबूस, पोट पिवळट, शेपटी अंगापेक्षा लांब. फांद्या-फांद्यांवरून झपाझप आलं आणि रस्त्याच्या कडेच्या शेवटच्या झाडावर थांबलं. फांदीच्या टोकापर्यंत गेलं, मागे आलं. दुसऱ्या फांदीच्या टोकापर्यंत गेलं, परत मागे आलं. मी फोन काढून व्हिडिओ घेत होतो, खूश होतो. आमच्या जागेची देखभाल करणारे गावातले काका शेजारी उभे होते. ते म्हणाले, "रोजची वाट व्हती त्याची. आता शेकरू जायाचं कुठनं?"

व्हिडिओ अजून माझ्या फोनमध्ये आहे. त्यात ते वाक्य स्पष्ट ऐकू येतं.

शेकरू साधारण दीड-दोन किलोचं असतं. एका उडीत सहाएक मीटर अंतर कापतं. पण त्यापलीकडे त्याचं काही चालत नाही. जमिनीवर उतरलं तर कुत्री आहेत, बिबट्या आहे, गाड्या आहेत. म्हणून ते शक्यतो उतरतच नाही. खातं वर, झोपतं वर, पिल्लं वाढवतं वर. काटक्या-पानांची गोल घरटी बांधतं, तीही एक नाही, बरीच. आणि घरट्यासाठी अशी जागा बघतं की चारही बाजूंनी दुसऱ्या झाडांच्या फांद्या टेकलेल्या असतील, म्हणजे शिकारी आला तर पळायला वाट हवी. त्याच्या दृष्टीने रान म्हणजे झाडांची संख्या नाहीच. रान म्हणजे फांदीला लागलेली फांदी. मी भरलेल्या अर्जात झाडं किती हा रकाना होता. कुठलं झाड कुठल्या झाडाला टेकलंय, याला रकाना नव्हता. आणि मलाही तो प्रश्न सुचला नव्हता.

बरं, शेकरूची वाट तुटली हे एक. पण त्या तीन झाडांवर आणखी काय होतं?

जांभळाच्या फांदीवर बाशिंग होतं. बाशिंग म्हणजे नवऱ्यामुलाच्या कपाळावरचं नव्हे, त्याच नावाचं नेचं. नाव अगदी चपखल आहे, कारण ते झाडाच्या फांदीला तसंच बांधल्यासारखं दिसतं. त्याला दोन तऱ्हेची पानं येतात. लांब हिरवी पानं अन्न तयार करतात. आणि फांदीला घट्ट चिकटलेली आखूड, तपकिरी पानं असतात, त्यांचं काम वेगळं. ती टोपलीसारखी असतात. वरून पडणारा पालापाचोळा, धूळ, विष्ठा, मेलेले किडे सगळं त्यात साठतं, कुजतं आणि त्याची माती होते. जमिनीपासून तीस-चाळीस फुटांवर, फांदीवर, माती! आत्ता उन्हाळ्यात ही सगळी बाशिंगं वाळलेली दिसतायत. पहिला पाऊस पडला की आठ-पंधरा दिवसांत हिरवी होतील.

त्याच्याच शेजारी सीतेची वेणी. हे ऑर्किड आत्ता फुललंय, माझ्यासमोर आहे. पांढऱ्या-गुलाबी फुलांचा तुरा वेणीसारखा खाली लोंबतोय. आमच्या जांभळावरही असंच काहीतरी होतं. आम्ही त्याला बांडगूळ समजलो होतो. 'झाडाचं रक्त पितंय, बरं झालं गेलं' असं कुणीतरी म्हणाल्याचंही मला आठवतं.

इथे एक गोष्ट पक्की करून घेऊ, कारण ही गल्लत जवळजवळ सगळ्यांची होते. ऑर्किड आणि बाशिंग झाडावर राहतात, पण झाडाचं काही घेत नाहीत. ते भाडेकरू आहेत, तेही भाडं फक्त जागेचं. पाणी पावसाचं आणि हवेचं, खत पालापाचोळ्याचं. बांडगूळ वेगळं. ते झाडाच्या आत मुळं घुसवतं आणि पाणी, क्षार ओढून घेतं. पण त्यालाही खलनायक करू नका. त्याची फळं फुलटोचा नावाचा अंगठ्याएवढा पक्षी खातो. बी इतकी चिकट असते की पक्ष्याला ती फांदीवर घासून काढावी लागते, आणि तिथेच ती रुजते. रानात त्याचीही एक जागा आहे.

आणि तो सडलेला बेहडा? धनेशाची मादी अंडी घालायला मोठ्या झाडाच्या पोकळीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. एक फट तेवढी ठेवते. नर बाहेरून फळं आणून त्या फटीतून भरवतो, आठवडेच्या आठवडे. धनेशाला स्वतःला चोचीने ढोली कोरता येत नाही. त्याला आयती पोकळी लागते, आणि एवढी मोठी पोकळी व्हायला झाड म्हातारं व्हावं लागतं. आमच्या बेहड्यात धनेश होता की नाही, मला माहीत नाही. मी कधी वर बघितलंच नव्हतं. आमची तीस रोपं आज दोन पुरुष उंच आहेत. त्यांतल्या एकाही झाडाला पोकळी नाही, एकावरही बाशिंग नाही. त्यांची काही चूक नाही, त्यांचं वय नाही तेवढं.

वरच्या मजल्याचं आणखी एक काम आहे, त्याचा हिशेब आपण पुणेकरांनी करायला हवा. पुणे शहरात वर्षभरात साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. २०२४ च्या जुलैमध्ये ताम्हिणीला एका दिवसात ५५० मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला. एवढं पाणी उघड्या उतारावर थेट आदळलं तर काय होतं, ते आपण दर पावसाळ्यात बातम्यांमध्ये बघतो. दाट रानात तो मार आधी पानांवर बसतो, मग फांद्यांवर, मग बुंध्यावरून ओघळत पाणी खाली येतं. पाऊस तेवढाच, पण जमिनीला लागणारा मार कमी.

आता प्रश्न असा, की हे वरचं जग शास्त्रज्ञांना तरी कधी दिसलं? खूप उशिरा. समुद्राच्या तळाशी माणूस गेला, चंद्रावर गेला, पण शंभर-दीडशे फूट उंच झाडाच्या शेंड्यावर बसून नीट अभ्यास करणं १९७० च्या दशकात कुठे सुरू झालं. गिर्यारोहकांचे दोर वापरून काही तरुण मंडळी वर चढायला लागली. १९८२ साली टेरी अर्विन या कीटकशास्त्रज्ञाने एक गणित मांडलं. त्याने पनामाच्या जंगलात एकाच जातीच्या १९ झाडांच्या शेंड्यांत कीटकनाशकाचं धुकं सोडलं होतं आणि खाली पडलेले किडे मोजले होते. नुसते भुंगेरेच सुमारे १,२०० जातींचे निघाले! त्यावरून त्याने अंदाज बांधला की जगात कीटक आणि त्यांच्या भाऊबंदांच्या तीन कोटी जाती असाव्यात. हा आकडा पुढे बराच खाली आला. पण वर काय दडलंय याची कल्पना नसल्याचं सगळ्या जगाला तेव्हा कळलं.

याच काळात दोरावरून चढणारी एक मुलगी होती नलिनी नाडकर्णी. आडनाव ऐकून कान टवकारले ना? वडील भारतातून अमेरिकेत गेलेले, आई तिथली. लहानपणी घरासमोरच्या मेपलच्या झाडांवर चढून बसणं हा तिचा उद्योग. पुढे तोच अभ्यास झाला. १९८१ साली तिने एक भन्नाट गोष्ट जगासमोर आणली. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या ओल्या जंगलात मेपलच्या फांद्यांवर शेवाळाची जाड गादी असते आणि तिच्याखाली माती साठते. त्या गादीत नाडकर्णींना मुळं सापडली. शेवाळाची नाहीत, खुद्द मेपलची! झाड स्वतःच्या फांदीतून मुळं काढून स्वतःच्याच अंगावर साठलेल्या मातीतून अन्न घेत होतं. म्हणजे वरच्या भाडेकरूंनी माती साठवली आणि त्यात घरमालकाचाही फायदा झाला.

पण मला नाडकर्णींचं दुसरं काम जास्त आवडतं. त्यांच्या लक्षात आलं की आपण शोधनिबंध लिहितो, ते आपल्यासारखेच लोक वाचतात. तिकडे फुलवाले सजावटीसाठी जंगलातलं शेवाळ पोत्याने ओरबाडून नेत होते, आणि ते परत यायला वर्षानुवर्षं लागतात. मग त्या गेल्या तुरुंगात. कैद्यांबरोबर त्यांनी शेवाळ वाढवण्याचे प्रयोग केले. शिक्षा भोगणारी माणसं नोंदी ठेवू लागली, कुठलं शेवाळ कशाने वाढतं ते शोधू लागली. लहान मुलींसाठी त्यांना झाडावर चढणारी बार्बी हवी होती. कंपनीने आधी नकार दिला, तर त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी जुन्या बाहुल्या गोळा करून त्यांना दोर, हेल्मेट, बूट चढवले. २०१५ साली नाडकर्णी स्वतः झाडावरून पन्नासेक फूट खाली पडल्या, हाडं मोडली, आणि बऱ्या झाल्यावर परत कामाला लागल्या.

त्यांनी कैद्यांना, मुलांना, देवळा-चर्चमधल्या लोकांना झाडाकडे आणलं. आपल्याकडे ही वाट उलट दिशेने आधीच तयार होती. लोकांनीच झाडं राखली होती, शास्त्रज्ञ मागून आले.

मी देवराईबद्दल बोलतोय. मुळशी, मावळ, वेल्हे या पट्ट्यात कितीतरी गावांना आपली राई आहे. इथे ताम्हिणीला विंझाई देवीचं ठाणं आहे. राईचा नियम सोपा: देवीचं आहे, हात लावायचा नाही. काही ठिकाणी पडलेलं लाकूडसुद्धा उचलत नाहीत. झाड तोडायची वेळ आलीच तर आधी देवीला कौल लावायचा. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक हे दोघं या राया बघत हिंडले. वर्तक पुण्याच्या संस्थेतले, महाराष्ट्रभर फिरलेले वनस्पतिशास्त्रज्ञ. गाडगीळ हार्वर्डहून नुकतेच परत आलेले. आजूबाजूचे डोंगर बोडके आणि मध्येच हा हिरवा ठिपका, असं का, हे त्यांना शोधायचं होतं. १९७६ साली त्यांनी सह्याद्रीतल्या देवरायांवर जो निबंध लिहिला, तो आजही जगभर वाचला जातो.

त्यांच्या कामातली एक गोष्ट सांगतो. रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यात गाणी नावाचं गाव आहे. तिथल्या राईवर कुऱ्हाड येणार होती. गावकऱ्यांनी या शास्त्रज्ञांना गाठलं. त्यांनी जाऊन पाहिलं तर राईत गारंबीचा प्रचंड वेल. गारंबी बघितली नसेल तर बघाच. माणसाच्या मांडीएवढा जाड वेल, झाडांवरून झाडांवर गेलेला, आणि त्याला हाताएवढ्या लांब शेंगा. आजूबाजूच्या मुलखात तो दुसरीकडे उरलेला नव्हता. गुरांच्या औषधासाठी लांबलांबून लोक त्याची साल न्यायला यायचे. राई वाचली. लोकांची गरज आणि शास्त्रज्ञांची नोंद, दोन्ही एकत्र आली म्हणून वाचली. आणि हा वेल तरी काय करतो? झाडाला झाड बांधतो. शेकरूला पूल बांधून देतो.

आज राईला धोका वेगळा आहे. श्रद्धा कमी झाली असं मी म्हणणार नाही, उलट वर्गणी वाढली आहे. त्या वर्गणीतून देवळाचा जीर्णोद्धार होतो, सिमेंटचा सभामंडप येतो, पार्किंग येतं, हॅलोजन लागतात. देवी तीच राहते, राईचं छत मात्र मधोमध उघडं पडतं. गावाला दोष देणं सोपं आहे. वर्गणीची पावती बऱ्याचदा पुण्या-मुंबईतल्या आपल्याच नावावर असते. पुढच्या वेळी पावती फाडताना एकच विचारा: झाडं तशीच ठेवून काम होईल ना?

ताम्हिणीत २०१३ साली अभयारण्य जाहीर झालं, साधारण ५० चौरस किलोमीटरचं. चांगलं झालं. पण मुळशीतलं खूपसं रान त्याच्या बाहेर आहे, खासगी मालकीचं आहे. आमच्या वीस गुंठ्यांसारखं. मालकाला झाड उभं ठेवण्यातून काहीतरी मिळालं पाहिजे, नुसत्या भाषणावर कोण किती दिवस रान राखेल? पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने सह्याद्रीतल्या गावांबरोबर याचं एक उत्तर शोधलं. हिरड्या-बेहड्याची फळं नीट पद्धतीने गोळा करायची, झाडाला इजा करायची नाही, आणि त्याला बरा भाव देणारा ग्राहक गाठून द्यायचा. म्हातारा बेहडा उभा राहिला की घरात दरवर्षी पैसे येतात, आणि धनेशाची ढोलीही शाबूत राहते. हे ऐकल्यावर मला आमच्या 'सडलेल्या' बेहड्याची फार आठवण आली.

मग तुम्ही-आम्ही काय करायचं? दोरावरून चढायला सांगत नाही, ते प्रशिक्षण घेतल्याशिवाय करूच नका. खालूनही बरंच होतं.

पहिलं, एक झाड धरा. सोसायटीतलं, कॉलेजमधलं, कुठलंही. आठवड्यातून एकदा त्याच्याखाली दहा मिनिटं उभं राहा आणि फक्त वर बघा. पालवी, फुलं, फळं, कोण आलं, कोण गेलं. सीझनवॉच नावाचा उपक्रम देशभर अशाच नोंदी गोळा करतो, त्यात तुमच्याही टाका. पक्ष्यांसाठी ई-बर्ड आहे, बाकी सगळ्यासाठी आयनॅचरलिस्ट आहे. फोन आहेच हातात.

दुसरं, आवाज रेकॉर्ड करा. वरच्या मजल्यावरचं निम्मं जग दिसत नाही, ऐकू येतं. आत्ता आम्ही तेच करतोय.

तिसरं, काही गोष्टी करू नका. धनेशाच्या ढोलीचं किंवा ऑर्किडचं लोकेशन स्टोरीला टाकू नका, पुढच्या रविवारी तिथे जत्रा भरते. आत्ता काजव्यांचे दिवस आहेत, झाडंच्या झाडं लुकलुकतायत. काजवे प्रकाशानेच एकमेकांशी बोलतात. तुम्ही हेडलाइट आणि फ्लॅश मारलात की त्यांचं बोलणं तुटतं. आणि कुणाच्या अंगणातलं ऑर्किड बांडगूळ म्हणून काढत असतील, तर मध्ये पडा.

चौथं, घरच्यांनी मुळशीत, मावळात, कोकणात जागा घेतली असेल किंवा घेणार असतील, तर हा भाग त्यांना ऐकवा. रस्ता आखण्याआधी त्या जागेवर एकदा मान वर करून चाला. कुठल्या फांद्या कुठे टेकल्या आहेत ते बघा. वाट दहा फूट वळवली तर काय वाचतं ते बघा. त्याला परवानगी लागत नाही आणि पैसेही फार लागत नाहीत. आम्हाला वाट वळवता आली असती. जागा होती.

आमच्या रस्त्याचं काय झालं, ते सांगून थांबतो. रस्ता आता अरुंद केलाय, गाडी खालीच लावतो. दोन्ही कडांना छाटणी बंद आहे. वरच्या बाजूचं जांभूळ आणि खालच्या बाजूचा आंबा हळूहळू एकमेकांकडे सरकतायत. सुरुवातीला मध्ये बारा-तेरा मीटर अंतर होतं, आता आठ-नऊ असेल. देखभाल करणारे काका आता थकलेत, पण आले की आधी त्या दोन फांद्यांकडे बघतात. या खेपेला मी विचारलं, "काय वाटतं काका, कधी जाईल?" ते म्हणाले, "लागतील अजून चार-पाच पावसाळं. पर तवर तुम्ही कोयता हातात घेऊ नका."

नाही घेणार.

ऐकलंत ना? परत हसला तो धनेश. अजूनही दिसलेला नाही. चला, आम्ही आणखी थोडा वेळ वर बघत उभे राहतो. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.